बाळाची जीभ चिकटलेली आहे का?

हल्ली बाळंतिणीला भेटायला गेलं की वजन, रंग, नाक-डोळे यांच्या जोडीला एक नवी चौकशी कानावर येते, "जीभ बघून घेतली ना?" पूर्वी ही चौकशी पोर बोबडं बोलायला लागल्यावर व्हायची आणि वेखंड उगाळून जिभेला लावलं जायचं. आता काही वेळा पहिल्याच महिन्यात जिभेखाली कात्री लावायचा सल्ला मिळतो. गेल्या वर्षी आमच्याच घरी हा प्रश्न आला, तेव्हा जे समजलं ते इथे सांगते.

जिभेखाली मधोमध एक पातळ पडदा असतो. तो सगळ्यांनाच असतो, आरशात पाहा. काही बाळांत तो आखूड, जाड किंवा पार टोकापर्यंत जोडलेला असतो. मग जीभ उचलली की टोकाला खाच पडून ती पत्त्यातल्या बदामासारखी दिसते. हीच 'टंग-टाय'. अंगावर पिताना बाळाची जीभ खालच्या हिरडीच्या पुढे यावी लागते. ती येत नसेल तर आईला चावल्यासारखं दुखतं, चिरा पडतात. बाळ दमतं, पण पोट भरत नाही.

आमच्या सुनेचं नेमकं हेच झालं. देवास गेटच्या बसच्या भोंग्यांनीही न उठणारं बाळ दूध पितापिता पाच मिनिटांत झोपायचं. चौदाव्या दिवशीही जन्माचं वजन भरून आलं नव्हतं. शेजारीण म्हणाली, "तोतला होईल, कापून टाका." विहीणबाई म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला हात लावू देणार नाही." दोघींच्या बोलण्यात बाळाचं वजन कुठेच नव्हतं!

डॉक्टरांनी आधी सुनेला समोर बसवून पूर्ण दूध पाजायला लावलं. पकड सुधारून दिली, काढलेलं दूध वाटी-चमच्याने वरून द्यायला सांगितलं. वजन वाढू लागलं, पण दुखणं थांबेना आणि जीभ हिरडीपुढे येईना. तेव्हा कापायचं ठरलं. जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलं होतं का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा विकार आहे का, हे त्यांनी आवर्जून विचारलं. मग बाळाला दुपट्यात गुंडाळून, जीभ उचलून कात्रीने छोटीशी चीर दिली. मिनिटही लागलं नाही. रक्ताचे दोन-चार थेंब आले आणि बाळ लगेच आईच्या अंगावर. पुढे जिभेखाली पांढुरका डाग दिसला; तो पू नव्हता, भरत येणारी जखम होती. आठवड्याभरात सुनेचं दुखणं बरंच कमी झालं.

म्हणून प्रत्येक बाळाचा पडदा कापावा का? नाही. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्यांतली 302 बाळं होती. आईचं दुखणं थोड्या काळापुरतं कमी झालं, पण बाळाच्या पिण्यात सगळीकडे सारखा फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये सांगितलं, की टंग-टाय असलेल्या निम्म्याहून कमी बाळांना अंगावर पिण्यात अडचण येते. न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात नीट तपासणीची पद्धत बसवल्यावर असं कापण्याचं प्रमाण 2015 मधल्या 11.3 टक्क्यांवरून 2017 च्या मध्यापर्यंत 3.5 टक्क्यांवर आलं. अंगावरच्या दुधाचं प्रमाण मात्र घटलं नाही.

राहिला बोलण्याचा प्रश्न. पुढे बोबडं बोलेल या भीतीने तान्ह्या बाळाचा पडदा कापायला पक्का आधार नाही. मूल उशिरा बोलत असेल तर आधी कान तपासावेत. आणि वेखंड मधात उगाळून देत असाल तर थांबा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

घरातल्या मोठ्यांनी एवढं पाहावं: पाच दिवसांनंतर दिवसरात्रीत सहा तरी लंगोट ओले होतात का, दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून येतं का, आणि पाजताना आईचे डोळे पाण्याने भरतात का. यातलं काही बिनसलं तर पाजणं प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जावं. आणि बाळंतिणीला "सगळ्यांनाच दुखतं" असं म्हणून गप्प करू नये.