दोन आवाज, एक फेज

सॅम्पलरमध्ये बासरी कशी तयार होते माहीत आहे? एकच सूर आधी हळू फुंकून रेकॉर्ड करतात, मग जोरात फुंकून. हे झाले दोन लेयर. कीबोर्डचं व्हील वर सरकवलं की पहिला लेयर कमी होत जातो आणि दुसरा वाढत जातो. यालाच क्रॉसफेड म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं ना? पण बऱ्याचदा नेमका मधोमध आवाज दबतो, पोकळ होतो. बासरीवाल्याने अचानक तोंड फिरवल्यासारखा!

भानगड फेजची आहे. ४४० हर्ट्‌झच्या सुराची एक सायकल साधारण २.२७ मिलिसेकंदांची असते. सीडीच्या ४४,१०० सॅम्पलिंग रेटला हे झाले सुमारे १०० सॅम्पल. समजा दुसरा लेयर फक्त ५० सॅम्पल मागे आहे. मग एक लाट वर जाते तेव्हा दुसरी खाली. मध्यावर दोन्ही निम्म्या-निम्म्या, म्हणून बेरीज शून्य! पाव सायकलचा फरक असेल तरी आवाज ३ डेसिबलने पडतो. एक जण झोका पुढे ढकलतोय आणि दुसरा त्याच वेळी मागे ओढतोय, तसंच हे.

इलेक्ट्रिकलवाल्यांना हे नवीन नाही. लॅबमध्ये अल्टरनेटर सिंक्रोनाइझ करताना दिवे विझण्याची वाट बघतो ना? आधी फ्रिक्वेन्सी जुळवायची, मग फेज, आणि मगच स्विच. इथेही क्रम तोच.

पहिली पायरी पिचची. बासरी जोरात फुंकली की सूर थोडा चढतो. एक लेयर ४४० आणि दुसरा ४४२ असेल तर सेकंदाला दोन बीट्स येणारच. सुरुवातीला फेज जुळवली तरी ती लगेच सरकते. म्हणून आधी पिच एक करा.

दुसरी पायरी क्रॉस-कोरिलेशन. एक लेयर स्थिर ठेवून दुसरा एकेक सॅम्पल सरकवायचा आणि दर वेळी दोघांचा गुणाकार करून बेरीज घ्यायची. बेरीज सगळ्यात मोठी येईल तिथे लाटा सर्वात जास्त जुळल्या. एका सायकलइतकं शोधलं तरी पुरतं.

पण एवढ्याने काम संपत नाही हं. ५० सॅम्पलने ४४० अर्धी सायकल सरकतो, पण त्याचा दुसरा हार्मोनिक ८८० पूर्ण सायकल सरकतो, म्हणजे होता तिथेच! त्यामुळे मूळ सूर जुळला तरी हार्मोनिक भांडू शकतात. नुसतं सरकवून भागत नसेल तर प्रत्येक हार्मोनिकची फेज वेगळी काढून जुळवावी लागते.

शेवटी फेडचा आकार. फेज जुळली असेल तर लिनियर फेड वापरा, मध्यावर ०.५ आणि ०.५. तिथे इक्वल पॉवर, म्हणजे ०.७०७ आणि ०.७०७, लावलात तर आवाज ३ डेसिबलने फुगतो. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा आवाजांना मात्र इक्वल पॉवरच बरा. फुंकरीचा सूं-सूं आवाज असाच असतो. तो कितीही सरकवला तरी जुळत नाही.

विश्वास बसत नसेल तर रूमवर ऑडॅसिटी उघडा. ४४० हर्ट्‌झचे दोन सारखे ट्रॅक बनवा, एकाला इन्व्हर्ट करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. स्पीकर बिघडलाय असं वाटेल, पण दोष फेजचा!