लिंबोणीला तहान केव्हा लागते?

या पोरांनो, सावलीत या. नवतपा लागलाय. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की पुढचे नऊ दिवस आपल्या विदर्भात दुपारचे कुणी घराबाहेर पडत नाही. पारा 45 च्या पुढे जातो. आपण घरात शिरतो, माठातले पाणी पितो, कूलर लावतो. परसातल्या लिंबोणीला मात्र जिथे आहे तिथेच उभे राहायचे असते. ती हे दिवस कसे काढते, ते आज ऐका.

सकाळी तुम्ही तिच्या एका फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधली होती. थोड्या वेळाने आत काय दिसले? थेंब! फांदीवर तर कुणी पाणी शिंपडले नव्हते. ते मुळांनी जमिनीतून ओढलेले पाणी होते. खोडातून वर आले आणि पानांतून वाफ होऊन निघाले. झाड जे शंभर थेंब पिते, त्यातले पंच्याण्णवाहून जास्त असे हवेत जातात. इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. त्यांनी कुंडीतल्या सूर्यफुलाच्या मातीवर शिशाचा पत्रा घट्ट बसवला, म्हणजे मातीतून वाफ निसटायला नको. मग सकाळ-संध्याकाळ ती कुंडी तोलली. जेवढे वजन घटले, तेवढे पाणी पानांतून गेले! 1727 साली त्यांनी हे पुस्तकात छापले. हातात तराजू आणि मनात प्रश्न, एवढ्यावर केवढे मोठे काम झाले बघा.

पण पाणी वर चढते कसे? आपल्या जगदीशचंद्र बोसांना वाटे, खोडातल्या जिवंत पेशी धडधडत रस वर ढकलतात. 1923 साली त्यांनी त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आज शास्त्रज्ञ मानतात ते उत्तर डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी 1894 साली मांडले होते. पाणी ढकलले जात नाही, वरून ओढले जाते. पानातून पाण्याचा एक कण उडाला की मागचा त्याच्या जागी येतो, कारण पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. मुळाच्या टोकापासून शेंड्याच्या पानापर्यंत अशी अखंड धार ताणलेली असते. ऊन फार झाले, माती कोरडी पडली, तर ती धार तुटते. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि त्या नळीतून पाणी वाहणे थांबते.

हे टाळण्यासाठी लिंबोणी दुपारी दारे लावून घेते. तिच्या पानाच्या खालच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य रंध्रे असतात. प्रत्येक रंध्राला दोन पेशी राखण करतात. त्या पाण्याने टरारल्या की बाहेर वाकतात आणि मधली फट उघडते. पाणी कमी पडले की त्या सैलावतात, फट मिटते. वाफ थांबते खरी, पण त्याच वाटेने आत येणारा कार्बन डायऑक्साइडही थांबतो आणि झाडाचे अन्न तयार होईनासे होते. पाणी वाचवायचे तर उपास घडतो. असे उपास लांबले की झाड आपली बारकी फळे गाळून टाकते. कालच वेचलीत ना तुम्ही, वाटाण्याएवढी हिरवी लिंबे?

आता नीट ऐका. दुपारी दोनला पाने मलूल दिसली म्हणून कुणी बादली घेऊन धावू नका. पहाटे उठून बघा. रात्रभर मुळे पाणी ओढत असतात, त्यामुळे माती ओली असेल तर पाने पहाटेपर्यंत ताठ होतात. पहाटेही मान खाली असेल, तर झाड खरेच तहानलेले आहे. मला तर वाटते, परसबाग राखणाऱ्याने एवढे एक जरी शिकले तरी कितीतरी झाडे वाचतील.

आणि पाणी कुठे द्यायचे? खोडाशी मुळीच नाही. पाणी पिणारी कोवळी मुळे फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. म्हणून आपल्याकडचे संत्रा-लिंबूवाले दुहेरी आळे करतात. खोडाभोवती मातीचे एक लहान कडे, ते कोरडे ठेवायचे. त्याच्या बाहेर मोठे कडे, पाणी या दोन कड्यांच्या मधे सोडायचे. खोड ओले राहिले तर डिंक्या लागतो, साल कुजून डिंक पाझरतो. तो फायटोप्थोरा नावाच्या सूक्ष्म जिवाचा उद्योग. त्याच्या बीजाणूंना दोन-दोन शेपट्या असतात आणि ते मातीतल्या पाण्यात चक्क पोहतात! कोरडे कडे म्हणजे त्यांची वाट अडवणे. आयर्लंडात 1845 पासून बटाट्याची पिके कुजवून ज्याने दुष्काळ आणला, तो याचाच भाऊबंद.

नव्या कलमांजवळ मी मडकी पुरली आहेत, तीही बघून या. कच्च्या मातीची, न रंगवलेली मडकी गळ्यापर्यंत पुरायची, पाणी भरून झाकण ठेवायचे. सभोवतीची माती कोरडी असली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढते. माती भिजली की ओढ कमी होते, झिरपणे मंदावते. चीनमध्ये फान शेंग-ची यांच्या शेतीग्रंथात दोन हजार वर्षांपूर्वी ही रीत लिहून ठेवली आहे. वरून पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यायचा, फक्त खोडापासून वीतभर लांब. उन्हाळ्यात लिंबोणीच्या फांद्या छाटू नका. पाने गेली की साल उघडी पडते आणि उन्हाने भाजते. बुडातून सरळसोट वाढणारे पाणसोट तेवढे काढा आणि उघड्या खोडाला चुना लावा. पांढऱ्या रंगावरून ऊन परतते.

कुंपणाच्या करवंदीची काळजी नको. तिची पाने जाड, चामड्यासारखी. याच दिवसांत ती पिकते, पाण्यावाचून.

आणि कोपऱ्यातली सीताफळाची झुडपे? "आजोबा, ती तर वाळली," असे तुम्हीच मघाशी म्हणालात. नखाने काटकी खरवडा, आत हिरवे दिसेल. सीताफळाचा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली दडलेला असतो. पान गळल्याशिवाय त्याला बाहेरच येता येत नाही! पानगळ ही त्याची नव्या पालवीची तयारी आहे. या जुन्या झुडपांना आत्ता पाणी देत बसायचे नाही. वळवाच्या सरी आल्या की ती आपसूक फुटतील, फुलतील.

मृग लागला की मात्र कुदळ घेऊन या. लिंबोणीचे बाहेरचे आळे एका अंगाने फोडायचे आणि तिथून चर काढून द्यायचा. पाऊस पडू लागला की तिच्या मुळांत पाणी साचून राहता कामा नये.