अर्जांतील आत्मस्तुति

घोड नदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड हीं पुणें जिल्ह्यांतील तालुक्यांचीं दोन गांवें. येथील विद्यार्थी बारावीची परीक्षा उतरला, कीं त्याचा पुढील मार्ग आंकडे ठरवितात. अभियांत्रिकीकडे जावयाचें तर सीईटीचे गुण, वैद्यकीकडे जावयाचें तर नीटचे, आणि कला-विज्ञानाकडे वळावयाचें तर बहुधा बारावीचे. अर्जांत नांव, जन्मतारीख, प्रवर्ग आणि गुण भरले म्हणजे काम आटोपलें. हा विषय तुला कां शिकावयाचा आहे, हें त्यास कोणीहि विचारीत नाहीं. पुढें परदेशच्या विद्यापीठाकडे अर्ज करण्याचा प्रसंग आला म्हणजे मात्र एक कोरा कागद समोर येतो, आणि त्यावर स्वतःविषयीं लिहा, असें सांगण्यांत येतें. आजवर ज्यास स्वतःविषयीं चार ओळीहि लिहाव्या लागल्या नाहींत, त्यानें येथें गडबडून जावें यांत नवल नाहीं. पण गडबडून तो गप्प बसत नाहीं. तो बढाई मारूं लागतो, ही मौजेची आणि थोडी दुःखाचीहि गोष्ट आहे.

ब्रिटनमधील विद्यापीठांच्या पदवीवर्गांसाठीं 'यूकास' या मध्यवर्ती संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो. त्यांतील या कागदास 'पर्सनल स्टेटमेंट' म्हणतात. मराठींत त्यास आत्मनिवेदन म्हणावयास हरकत नाहीं. मात्र नवविधा भक्तींतील आत्मनिवेदनाशीं त्याचा संबंध जोडूं नये, कारण तेथें अहंकार सोडावयाचा असतो. या कागदास मर्यादा ४००० अक्षरचिन्हांची, आणि शब्दांमधील मोकळी जागाहि त्यांत मोजली जाते. अमेरिकेंतील पुष्कळ महाविद्यालयें 'कॉमन ॲप्लिकेशन' या सामाईक अर्जांतून ६५० शब्दांपर्यंतचा निबंध मागवितात. पदव्युत्तर शिक्षणासाठीं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' या नांवाचें हेतुपत्र लागतें तें निराळेंच.

या कागदांवर काय लिहिलें जातें? 'मी जन्मजात पुढारी आहें', 'यंत्रांविषयीं मला बालपणापासून अनिवार ओढ आहे', 'अपयश मला ठाऊक नाहीं', अशा थाटाचीं वाक्यें. शाळेच्या स्नेहसंमेलनांत खुर्च्या मांडल्या असतील तर तें 'भव्य कार्यक्रमाचें नेतृत्व' होतें. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरांत चर खणला असेल तर तें 'ग्रामीण भागाचें परिवर्तन' होतें. त्या गांवच्या लोकांनीं हें वाचलें, तर आपलें परिवर्तन नेमकें केव्हां झालें, असा प्रश्न त्यांस पडेल.

अशा लेखनाचा सर्वांत मोठा दोष हा, कीं तें कोणाचेंहि असूं शकतें. २००७ सालीं यूकासनें सुमारें ५०,००० निवेदनें संगणकाकरवीं ताडून पाहिलीं. तेव्हां २३४ उमेदवारांनीं एकच आठवण सांगितल्याचें आढळलें: आठव्या वाढदिवशीं रसायनांचे प्रयोग करतांना पायजम्यास जळून भोंकें पडलीं, आणि तेव्हांपासून विज्ञानाची गोडी लागली! ती आठवण उघडच एका नमुन्यावरून उतरविलेली होती. प्रत्येकास वाटलें असेल, कीं ही गोष्ट आपणांस इतरांहून वेगळे दाखवील.

आपल्याकडे आत्मस्तुतीस कधींच मान नव्हता. समर्थांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाचीं लक्षणें सांगतांना स्वतःची स्तुति करणाऱ्याची गणना पहिल्याच समासांत केली आहे. महाभारतांतील कर्णपर्वाची कथा तर याहून तिखट आहे. गांडीव दुसऱ्यास देऊन टाक, असें जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती, आणि युधिष्ठिर रागाच्या भरांत नेमकें तेंच बोलला. वडील माणसाचा अपमान हाच त्याचा वध, अशी तोड श्रीकृष्णानें काढली. अपमान केल्यावर अर्जुनास पश्चात्ताप होऊन तो प्राण देण्यास निघाला, तेव्हां श्रीकृष्णानें सांगितलें, कीं स्वतःच्या तोंडानें स्वतःची स्तुति कर, म्हणजे आत्महत्या केल्यासारखीच होईल.

अशा संस्कारांत वाढलेल्या मुलांच्या लेखणींतून मग ही बढाई उतरते कशी? ती बहुधा भीतीपोटीं येते. आपल्या अर्जाची जुनी तऱ्हा म्हणजे 'आपला आज्ञाधारक'. परदेशांत स्वतःची जाहिरात करावीच लागते, असें कोणी सांगितलें, कीं या आज्ञाधारक मुलास मधला मार्ग दिसत नाहीं आणि तो एकदम विराटपुत्र उत्तराचा आव आणतो. त्यांत भाषा परकी. स्वभाषेंत ज्या वाक्याची लाज वाटली असती, तें इंग्रजींत सहज लिहिलें जातें. 'पॅशनेट' हा शब्द लिहितांना मनास कांहींच होत नाहीं. पण 'माझ्या अंतःकरणांत यंत्रविद्येचा वणवा पेटला आहे' हें वाक्य आजोबांपुढें मोठ्यानें वाचावयाचें झालें, तर जीभ जागच्या जागीं अडखळेल.

दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नव्हे. गुणांबरोबर स्वभाव आणि व्यक्तिमत्त्व पाहून प्रवेश देण्याची पद्धति अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत जोर धरूं लागली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांत तिच्यामागें, परीक्षेंत पुढें येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आटोक्यांत ठेवण्याचाहि हेतु होता. गुण मोजतां येतात, 'चारित्र्य' मोजतां येत नाहीं. त्यामुळें नकार देणें सोपें जातें. आज कारणें बदललीं आहेत, तरी मोघम प्रश्नास फुगीर उत्तर मिळावें हें ओघानेंच आलें. यूकासनें २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंध बंद करून तीन प्रश्न घातले आहेत: हा विषय कां निवडला, आजवरच्या शिक्षणानें त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलें व त्याचा उपयोग काय. एकूण मर्यादा पूर्वीचीच. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरचिन्हांचें हवें. हा बदल उशिरां झाला, पण बरा झाला.

स्वतःविषयीं लिहूनहि बढाई कशी टाळतां येते, याचें उत्तम मराठी उदाहरण १८८३ सालचें आहे. आनंदीबाई जोशी त्या वर्षाच्या जून महिन्यांत अमेरिकेस पोहोंचल्या, तेव्हां त्यांचें वय १८ वर्षांचें होतें. २८ जून रोजीं त्यांनीं पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास पत्र लिहिलें. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपणांकडून पुऱ्या होत नसतील, हें त्यांत सरळ मान्य केलेलें आहे. स्वकीयांचा आणि जातीचा विरोध सोसून आपण येथवर आलों, हें त्या सांगतात. आणि पुरुष वैद्याच्या हातून औषध घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठीं आलों, हेंहि सांगतात. शेवटीं भाषा चढते, नाहीं असें नाहीं. परंतु निश्चयाच्या शब्दामागें समुद्र ओलांडल्याचा पुरावा उभा आहे. त्यांच्या नांवाच्या जागीं दुसरें नांव घातलें तर तें पत्र चालणार नाहीं. महाविद्यालयानें त्यांस प्रवेश दिला आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्या पदवीधर झाल्या.

आतां पुन्हा भीमेकांठीं यावें. मनमाडकडून पुण्यास जाणारी गाडी दौंड स्थानकांत आली, कीं तिचें इंजिन एका टोंकाचें काढून दुसऱ्या टोंकास जोडावें लागतें. हा वेळ वाचविण्यासाठीं स्थानकाबाहेरून कॉर्ड लाईन टाकण्यांत आली. हें सारें डोळ्यांसमोर असलेला दौंडचा मुलगा वाहतूकशास्त्रासाठीं अर्ज करतो, 'अनिवार ओढ' असें लिहितो, आणि त्या इंजिनाचा उल्लेखहि करीत नाहीं. रोजची गोष्ट, म्हणून ती त्यास क्षुल्लक वाटते. शिरूरकडे उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्यें काढून चाळींत भरतात आणि भावाची वाट पाहत पावसाळाभर राखतात. तेवढ्यांत त्याचें वजन घटतें, कांहीं कांदा सडतो, कांहींस मोड येतात. एखाद्या मुलीनें जाळीच्या पिशवींत थोडा कांदा निराळा ठेवून दर महिन्यास तो तोलला असेल आणि वहींत नोंद केली असेल, तर अन्नशास्त्राच्या प्राध्यापकास तिच्या साऱ्या पदकांपेक्षां ती वही अधिक मोलाची वाटेल. त्या वहीविषयीं चार प्रश्न विचारले तरी ती डगमगणार नाहीं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाखतींत अर्जांत लिहिलेल्या मजकुरावरच प्रश्न येऊं शकतात, आणि न वाचलेल्या ग्रंथांचीं नांवें घालणाऱ्याची स्थिति तेथें कौरवसेना दिसल्यावर उत्तराची झाली तशी होते.

सल्लागारांकडील तयार नमुने आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून क्षणांत मिळणारीं निवेदनें यांनीं हें काम सोपें झाल्यासारखें भासतें. पण यूकास प्रत्येक निवेदन पूर्वीच्या निवेदनांशीं ताडून पाहते आणि साम्य आढळल्यास विद्यापीठांस कळविते. घरच्यांनीं कर्ज काढण्याची तयारी केलेली असते. राजर्षि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची आशा धरणाऱ्या अनुसूचित जातींतील विद्यार्थ्याजवळ आधीं विद्यापीठाचें प्रवेशपत्र असावें लागतें. इतकें ज्या कागदावर अवलंबून, तो उसन्या पायजम्यावर सोडणें परवडत नाहीं.

घरांतील वडीलधाऱ्यांस यांत एक करतां येईल. मुलास प्रथम मराठींत बोलतें करावें: काय केलें, किती दिवस केलें, कोठें चुकलें, पुढें काय जाणून घ्यावयाचें आहे. त्याचें बोलणें त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावें. इंग्रजी मागाहून करावें आणि तें त्याचें त्यानेंच करावें. मग विशेषणें खोडीत जावें. कांद्याच्या वहींतील सहा महिन्यांचीं वजनें मांडावयास ४००० चिन्हांपैकीं शंभर-दीडशें पुरतात. उरलेल्या जागेंत तो कांदा पावसाळ्यांत अधिक कां घटला, याविषयींचा तिचा तर्क लिहितां येतो.