'जातिवंत' पिल्लू कशाला? निवाऱ्यातले घरी आणा!

मुलांनी हट्ट धरला आणि वडीलधाऱ्यांनी होकार दिला, की कुत्रा पाळण्याच्या बाबतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'कोणत्या जातीचा आणायचा?' मग लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग अशी नावे निघतात. विकणारा म्हणतो, 'अगदी जातिवंत आहे, कागद देतो.' त्या एका शब्दापायी घरातल्या कर्त्या माणसाची महिन्याची कमाई खर्ची पडते.

माणसाने भोगलेले दुःख आणि कुत्र्याची खरेदी एका तराजूत तोलण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तरीही जन्मावरून किंमत ठरवायची नाही हे शिकलेल्या घरांनी 'जातिवंत' या शब्दापाशी क्षणभर थांबावे, असे आम्हाला वाटते. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले बाबासाहेबांच्या कुटुंबाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्राही आहे. कुत्रा घरचा होतो तो असा, घरच्यांच्या मायेने.

जात आणि आजार

कुत्र्यांच्या जाती माणसानेच कामासाठी आणि हौसेसाठी निवडून निवडून तयार केल्या. ठरावीक रूप टिकावे म्हणून जवळच्या नात्यातली कुत्री पुन्हा पुन्हा जुळवली जातात आणि दोषही पुढच्या पिढीत उतरतात. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर यांच्यात खुब्याच्या सांध्याचा विकार बराच आढळतो. पगचे नाक इतके चपटे असते की त्याला नीट श्वासही घेता येत नाही. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी त्याचे काय होत असेल, याचा विचार करा. आपले गावठी कुत्रे आखूड केसांचे, सडपातळ बांध्याचे. इथल्या उन्हापावसात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहे. आजार त्यालाही होतात, लस त्यालाही लागते. पण इथली हवा त्याला परकी नाही.

पिल्लाच्या आईचा विचार

दुकानात पिल्लू दिसते, त्याची आई दिसत नाही. तिला पिंजऱ्यात ठेवून विणीमागून विणी घेणारेही या धंद्यात आहेत. म्हणूनच केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये, असे त्यात सांगितले आहे. तरीही डोळे नुकते उघडलेली पिल्ले विकली जातात. आपण विकत घेतो, म्हणून विकणारा विकतो.

निवाऱ्यात कोण असते?

मुंबईकरांना परळचे 'बैलघोडा हॉस्पिटल' ठाऊक आहे. १८८३ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाचे पूर्ण नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १८७४ साली स्थापन झालेली संस्था ते चालवते. मुंबईतच १९८५ पासून काम करणारी 'द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्थाही कुत्र्यांना घरे मिळवून देते. पुण्यात 'रेस्क्यू' ही संस्था आहे. अशा ठिकाणी गाडीखाली सापडून बरी झालेली, आईवेगळी झालेली कुत्री-मांजरे असतात. आणि तिथे 'जातिवंत'ही असतात! म्हातारे झाले, आजारी पडले, किंवा घर बदलले म्हणून मालकाने सोडून दिलेले. त्या वेळी कागद कामाला येत नाहीत.

रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेता येते का, असे अनेक जण विचारतात. येते. इच्छुकांनी महापालिकेकडे अर्ज करावा आणि ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटले आहे.

होकार देण्याआधी

चांगली संस्था प्राणी लगेच हातात देत नाही. अर्ज भरून घेते, ओळखपत्र मागते, घर पाहते. त्याचा राग मानू नये. तुम्हीही विचारा: लसी कोणत्या दिल्या? नसबंदी झाली का? लहान मुलांशी कसे वागते? मोठे कुत्रे घेतले तर त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो, हा फायदा आहे. दिवसपाळी-रातपाळीच्या घरात तर तो फार मोलाचा.

घरात सर्वांचा होकार हवा, विशेषतः घरातल्या बाईचा. हट्ट मुलांचा आणि साफसफाई आईची, असे होऊ देऊ नका. घर भाड्याचे असेल तर मालकाशी आधी बोला. सोसायटीने मात्र सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे.

घरी आणल्यावर

पहिले काही दिवस त्याला एक शांत कोपरा द्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी जमवू नका. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने लसी सुरू करा, तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्या, जंतांचे औषध चुकवू नका. नुसत्या दूध-चपातीवर ठेवू नका. भात, उकडलेले अंडे, बिनमसाल्याची कोंबडी चालते. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट आणि कोंबडीची शिजवलेली हाडे देऊ नका.

घरचे कुत्रे चावले किंवा त्याने ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. हळद-तिखट लावत बसू नका.

हे सारे दहा-बारा वर्षे करावे लागते. जमणार नसेल तर कुत्रा न आणणे हीसुद्धा दयाच आहे. दारापुढे पाण्याचे भांडे ठेवा, गल्लीतल्या कुत्र्याच्या नसबंदीसाठी महापालिकेला कळवा; तेही कमी नाही. पण जमणार असेल, तर निवाऱ्यात जा, आणि पिंजऱ्यापाशी उभे राहून त्याची जात विचारू नका. नाव काय ठेवायचे, ते मुलांना विचारा.