नर्सिंगच्या शिक्षणात पाठांतराबरोबर कल्पकताही हवी

आपल्या वस्तीतली मुलगी बारावीनंतर नर्सिंगला जाते, तेव्हा घरचे कॉलेजची मान्यता आणि फी पाहतात. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. एवढ्या वर्षांत मुलीला नुसते पाठांतर मिळते की अडचणीतून वाट काढण्याची सवयही लागते, हेही विचारायला हवे.

गडचिरोलीचे उदाहरण पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेसमोर लहान मुलांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. श्वास जलद झाला की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. पण गावच्या दाईंना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. मग एक साधे साधन तयार झाले : एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर धोका. माणसाची अडचण ओळखून काढलेला उपाय, हीच कल्पकता.

आपल्या जिल्ह्यातही अशी परंपरा आहे. डहाणू तालुक्यातील कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बिया, पाने, शंख-शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंतून बालवाडी शिकवली.

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत परप्रांतांतून आलेले कामगार राहतात. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बोली वेगळी. अशा रुग्णाला "दिवसातून तीनदा" सांगून भागत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढला, तर न वाचता येणाऱ्यालाही कळते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात घालायचे असते. घरात माप नसेल, तर लिटरची स्वच्छ बाटली दाखवावी.

मात्र मर्यादा पक्की हवी. औषधाची मात्रा, हात धुणे, सुईची निर्जंतुकता यांत स्वतःचे डोके चालवायचे नाही. समजावण्याच्या पद्धतीत मोकळीक, उपचाराच्या नियमांत शिस्त.

प्रवेश घेताना कॉलेजला तीन प्रश्न विचारा :

१. विद्यार्थिनींना वस्तीत, पाड्यावर घरभेटीला नेता का?
२. परतल्यावर "तिथे काय अडले, काय करता आले असते" यावर चर्चा होते का?
३. तक्ते, नाटुकली, आरोग्य-संवाद मुली स्वतः तयार करतात की जुन्या वहीतून उतरवतात?

घरचेही हातभार लावू शकतात. मुलीला तिचा आरोग्य-संवाद आधी आजीसमोर, मग विहारात महिला मंडळासमोर करू द्या. सुरुवातीला हा विषय घेता येईल : बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त भरले, तर बाळाला लगेच दवाखान्यात न्या. आजीला हे समजले आणि तिने स्वतः मोजून दाखवले, तर मुलगी चांगली परिचारिका होते आहे असे समजा.