टर्बाइनच्या अलीकडे आणि पलीकडे

गाडीचा पिकअप वाढवायचा म्हणून गॅरेजमध्ये चौकशी केली, की सायलेन्सरच्या नळीविषयी दोन परस्परविरुद्ध सल्ले हमखास मिळतात. एक मेकॅनिक म्हणतो, "पाइप मोठा टाका, इंजिनाला मोकळा श्वास मिळेल." शेजारच्या गाळ्यातला म्हणतो, "छे, मागून थोडा दाब लागतोच. फार मोठा पाइप टाकलात तर गाडी मरेल." दोघेही अनुभवाचेच बोलत असतात. मग खरे कोणाचे? ते ठरवण्याआधी गाडीला टर्बोचार्जर आहे का, आणि असल्यास त्याच्या कोणत्या बाजूच्या नळीविषयी आपण बोलतो आहोत, हे विचारावे लागते.

आधी टर्बो नसलेले साधे पेट्रोल इंजिन घेऊ. झडप उघडली की जळालेल्या वायूचा लोट नळीत शिरतो. वेगाने पुढे जाताना तो आपल्यामागे कमी दाब सोडतो आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो. नळी गरजेपेक्षा रुंद झाली की वायूचा वेग मंदावतो, ही ओढ कमी होते आणि कमी फेऱ्यांवर गाडी रेंगाळते. दुसऱ्या मेकॅनिकचा अनुभव इथला आहे. त्याने लावलेले कारण मात्र चुकीचे. इंजिनाला मागचा दाब नको असतो. हवा असतो तो वायूचा वेग.

टर्बोचार्जरची कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ सालचे. फुकट जाणाऱ्या वायूवर टर्बाइनचे चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा दाबून भरायची, अशी ही रचना. प्रवासी मोटारींत ती १९६२ साली अमेरिकेतील ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर यांतून आली. आज आपल्याकडील टाटा नेक्सॉनचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिनही टर्बोचेच आहे.

पाणचक्कीच्या खालचे पाणी तुंबले तर वरून कितीही पाणी येवो, चक्की मंदावते. टर्बाइनचेही तसेच. त्याला मिळणारी शक्ती अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. समजा, अलीकडे २ बार दाब आहे आणि अरुंद नळीमुळे पलीकडे १.४ बार. गुणोत्तर झाले १.४३. नळी मोकळी करून पलीकडचा दाब १.१ बारवर आणला, तर तेच १.८२ होते आणि चाक लवकर गती घेते. किंवा पूर्वीचेच १.४३ गुणोत्तर पुरेसे असेल, तर अलीकडे २ ऐवजी १.५७ बारमध्ये भागते. मग धूर ढकलण्यात दट्ट्याची शक्ती कमी खर्च होते, सिलिंडरमध्ये तापलेला वायू कमी उरतो आणि इंजिन ठोके देण्याची शक्यता घटते. शिवाय टर्बाइनमधून जाताना वायूचे ठोके विस्कटलेले असतात, त्यामुळे साध्या इंजिनातल्या त्या ओढीचा प्रश्न इथे जवळपास उरत नाही. पहिल्या मेकॅनिकचे म्हणणे इथे खरे ठरते.

पण किती मोठी? तेवढाच वायू न्यायचा असेल, तर सरळ नळीतली दाबाची घट साधारणपणे व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. अडीच इंची नळीतली घट १०० धरली, तर तीन इंचीत ती सुमारे ४० होते आणि साडेतीन इंचीत १९. पहिल्या अर्ध्या इंचाने ६० वाचले, दुसऱ्याने जेमतेम २१. वजन आणि आवाज मात्र वाढतच जातात, आणि गतिरोधकावर नळी घासू लागते. वायू सर्वांत तप्त आणि फुगलेला असतो तो टर्बाइनला लागून असलेल्या पहिल्या तुकड्यात. खरा फायदा तिथे आहे. मागच्या टोकाला मोठे तोंड लावून आवाज तेवढा बदलतो.

टर्बाइनच्या अलीकडे नियम उलटा होतो. तिथे प्रत्येक सिलिंडरमधून येणारा ठोका ताजा असतो. नळी फार रुंद किंवा लांब केली, तर तो चाकापर्यंत पोहोचण्याआधीच पसरून बोथट होतो. म्हणून तिथल्या वाटा आखूड आणि बेताच्या रुंद ठेवतात. ट्विन-स्क्रोल टर्बोमध्ये तर ठोके एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दोन वेगळ्या वाटा असतात.

आणखी दोन गोष्टी गॅरेजमध्ये सहसा सांगितल्या जात नाहीत. टर्बोचा दाब आवरण्यासाठी वेस्टगेट नावाची झडप जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडते. पलीकडची नळी फार मोकळी झाली आणि ही झडप लहान पडली, तर दाब ठरवलेल्या मर्यादेपलीकडे चढतो आणि इंजिन धोक्यात येते. दुसरी गोष्ट, 'मोकळा पाइप' म्हणजे पुष्कळदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला पाइप. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निवळवणारा हा डबा वायूला थोडा अडवतो हे खरे. पण १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले बीएस-६ निकष त्याच्याच भरवशावर पाळले जातात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे बदल करू देत नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी आपल्या गाडीला मिळालेल्या चार अश्वशक्तींची किंमत सिग्नलवर मागे उभा असलेला दुचाकीस्वार श्वासातून मोजतो.

तेव्हा पुन्हा कोणी नळी बदलायला सुचवले, तर किती इंची एवढेच विचारून थांबू नये. ती टर्बाइनच्या कोणत्या बाजूची, वेस्टगेटला ती झेपेल का आणि कन्व्हर्टर जागेवर राहणार का, हेही विचारावे.