अंतराचे गणित : वन्यजीव छायाचित्रणासाठी टेलिफोटो लेन्सची निवड

वन्यजीव छायाचित्रणाकडे वळणाऱ्या नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती मिलिमीटरची लेन्स घ्यावी’ हा असतो आणि त्यावर मिळणारे उत्तरही बहुधा ‘खिशाला परवडेल तेवढी मोठी’ असेच असते. वास्तविक हा प्रश्न चौथ्या क्रमांकाचा आहे. कोणत्या प्राण्याचे छायाचित्र काढायचे, ते जिप्सीतून, होडीतून की पायी फिरून काढायचे आणि त्या वेळी प्रकाश किती असेल, या तीन गोष्टी आधी ठरल्या की मिलिमीटरचा आकडा त्यांतून जवळजवळ आपोआप निघतो; त्या न ठरवता घेतलेली लेन्स कितीही महाग असली तरी काही प्रसंगी तोकडी पडते आणि काही प्रसंगी गैरसोयीची ठरते.

मिलिमीटरचा अर्थ

लेन्सवर छापलेला मिलिमीटरचा आकडा तिची फोकल लेंथ, म्हणजे नाभीय अंतर, दाखवतो. अतिदूरच्या वस्तूकडून येणारे प्रकाशकिरण जवळजवळ समांतर असतात आणि भिंग त्यांना ज्या अंतरावर एकत्र आणते ते त्याचे नाभीय अंतर होय. या हिशेबाने साधे एकच भिंग वापरले तर ६०० मिमीच्या लेन्सला साठ सेंटिमीटर लांबीची नळी लागेल. ही अडचण दूर करणारी रचना इंग्लंडमधील थॉमस रुडॉल्फस डॅलमायर आणि जर्मनीतील अडॉल्फ मीथे यांनी १८९१च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडली. तिच्यात पुढच्या बाजूला किरण एकवटणारा भिंगांचा गट आणि मागच्या बाजूला ते काहीसे फाकवणारा गट असल्यामुळे लेन्सची प्रत्यक्ष लांबी नाभीय अंतरापेक्षा कमी ठेवता येते. काटेकोरपणे पाहिल्यास ‘टेलिफोटो’ हे नाव या रचनेचे आहे, परंतु व्यवहारात दूरचे जवळ दाखवणाऱ्या सर्वच लांब लेन्सना ते लावले जाते.

फोकल लेंथ वाढते तशी दृश्याची चौकट आक्रसते. ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असा पूर्णाकार, म्हणजे फुल-फ्रेम सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स कर्णाच्या दिशेने सुमारे ४७ अंशांचा कोन टिपते, ४०० मिमीची सुमारे ६ अंशांचा आणि ६०० मिमीची जेमतेम ४ अंशांचा. प्राणी चौकटीत किती मोठा दिसेल हे मात्र एका साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येते : फोकल लेंथला प्राण्याच्या उंचीने गुणावे आणि अंतराने भागावे, म्हणजे सेन्सरवरच्या प्रतिमेची उंची मिळते. खांद्यापाशी सुमारे एक मीटर उंचीचा वाघ चाळीस मीटरवर उभा असेल, तर ४०० मिमीच्या लेन्सने त्याची प्रतिमा १० मिमी उंच पडते, म्हणजे आडव्या चौकटीच्या उंचीचा चाळीस टक्क्यांहून थोडा अधिक भाग ती व्यापते.

हेच गणित जंगलातील नियमाशी जोडून पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्याघ्र प्रकल्पातील पर्यटकांनी कोणत्याही वन्य प्राण्यापासून वीस मीटरहून अधिक अंतर राखणे अपेक्षित आहे. या वीस मीटरवर आडवा उभा असलेला, शेपूट सोडून सुमारे दोन मीटर लांबीचा वाघ ३०० मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर ३० मिमी लांब उमटतो आणि ३६ मिमीची चौकट जवळपास भरून टाकतो. त्याच जागेवरून ६०० मिमीची लेन्स लावली तर प्रतिमा ६० मिमी होते आणि वाघाचा सुमारे चाळीस टक्के देह चौकटीबाहेर राहतो. ताडोबा-अंधारी किंवा पेंचसारख्या जंगलांत प्राणी पुष्कळदा गाडीरस्त्यावरच येतात आणि कधी कधी स्वतःहून वाहनाजवळून निघून जातात. अशा ठिकाणी एकाच फोकल लेंथची भली मोठी लेन्स घेऊन बसलेल्या छायाचित्रकाराला अवघा चेहरा मिळतो, आणि शेजारच्या आसनावर १००-४०० मिमीची झूम लेन्स घेऊन बसलेल्याला वाघही मिळतो आणि त्याच्यामागचे बांबूचे बनही मिळते.

पक्ष्यांचा हिशेब वेगळा आहे. जेमतेम १६ सेंटिमीटर लांबीचा लहान खंड्या पंधरा मीटरवर फांदीवर बसला असेल, तर ४०० मिमीने त्याची प्रतिमा सुमारे ४ मिमी आणि ६०० मिमीने ६.४ मिमी पडते, म्हणजे मोठ्या लेन्सनेही चौकटीचा पाव भागच भरतो. पक्षीनिरीक्षकांना कोणतीही लेन्स पुरेशी वाटत नाही याचे कारण हौसेत नसून या भागाकारात आहे, आणि म्हणूनच केवळ पक्ष्यांसाठी लेन्स घेणाऱ्याने ५०० किंवा ६०० मिमीपासून विचार सुरू करणे योग्य ठरते. या ठिकाणी ‘क्रॉप सेन्सर’ची बाब पुढे येते. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर ४०० मिमीची लेन्स ६०० मिमीसारखी दिसते असे म्हटले जाते. प्रत्यक्षात लेन्सने टाकलेली प्रतिमा तेवढीच असते, तिचा मधला भाग तेवढा वापरला जातो. ४५ मेगापिक्सेलच्या पूर्णाकार सेन्सरवरील छायाचित्र नंतर तेवढेच कातरले तरी २० मेगापिक्सेल उरतात, त्यामुळे लहान सेन्सरचा फायदा त्यावर पिक्सेल किती दाट आहेत यावर अवलंबून राहतो.

प्रकाशाची किंमत

लेन्सवरचा दुसरा आकडा, म्हणजे ‘एफ/४’ किंवा ‘एफ/६.३’, हा फोकल लेंथ आणि प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास यांचे गुणोत्तर असतो. यावरून ६०० मिमी एफ/४च्या लेन्सला १५० मिमी व्यासाचे तोंड लागते, तर ६०० मिमी एफ/६.३च्या लेन्सला सुमारे ९५ मिमीचे पुरते. लेन्सची जाडी, वजन आणि किंमत यांचे मूळ या व्यासात आहे. एवढी मोठी काच निर्दोष घडवणे अवघड असते आणि तिच्यातून जाताना निरनिराळ्या रंगांचे किरण किंचित वेगवेगळ्या ठिकाणी एकवटू नयेत म्हणून विशेष काच किंवा कृत्रिमरीत्या वाढवलेले फ्लोराइटचे स्फटिक वापरावे लागतात. कॅननने १९६९ मध्ये ३०० मिमीच्या लेन्समध्ये असे स्फटिकभिंग वापरले, तेव्हापासून ते महागड्या टेलिफोटोंचे एक लक्षण बनले. आज ६०० मिमी एफ/४ लेन्सचे वजन तीन किलोच्या आसपास असते आणि भारतातील किंमत दहा लाख रुपयांच्या पुढे जाते.

एवढी किंमत मोजून काय मिळते, याचे उत्तर पहाटेच्या जंगलात सापडते. एफ/४ची लेन्स एफ/६.३च्या तुलनेत जवळजवळ अडीचपट प्रकाश सेन्सरवर टाकते. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर यायचा असताना चालत्या वाघासाठी सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा शटरस्पीड हवा असेल आणि एफ/४ला त्यासाठी १६०० आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेची तेवढी पातळी, लागत असेल, तर एफ/६.३ला सुमारे ४००० लागेल आणि चित्रातील रवाळपणा त्या प्रमाणात वाढेल. पूर्वी हा फरक छायाचित्र मिळणे आणि न मिळणे यांतला होता. सेन्सर आणि रवाळपणा कमी करणारी संगणकीय साधने सुधारल्यामुळे आता तो पुष्कळसा प्रतीचा फरक उरला आहे. पार्श्वभूमी विरघळवून टाकण्याचे मोठ्या छिद्राचे सामर्थ्य मात्र अबाधित आहे, परंतु त्यालाही एक अट आहे. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे विषयाच्या पुढेमागे जेवढ्या खोलीपर्यंत प्रतिमा रेखीव दिसते तो पट्टा, पंधरा मीटरवर ६०० मिमी एफ/४ने सुमारे १५ सेंटिमीटरच असतो, त्यामुळे पाठमोऱ्या बसलेल्या मोठ्या पक्ष्याचा डोळा रेखीव आला तर शेपूट धूसर होते आणि अनेकदा छिद्र मुद्दाम लहान करावे लागते.

हात हलल्याने येणारी धूसरता थोपवणारी यंत्रणा, म्हणजे इमेज स्टॅबिलायझेशन, कॅननच्या ७५-३०० मिमी लेन्सबरोबर १९९५ मध्ये सुट्या लेन्सच्या एसएलआर कॅमेऱ्यांत आली. शटरस्पीड फोकल लेंथच्या व्यस्ताहून कमी नसावा, म्हणजे ६०० मिमीला किमान सेकंदाचा सहाशेवा भाग असावा, हा जुना संकेत तिने शिथिल केला. तथापि ही यंत्रणा छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, प्राण्याला नव्हे. उडणाऱ्या पक्ष्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो तो लागतोच.

वजन घटवण्याचा एक मार्ग फ्रेनेलच्या नावाशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी पायऱ्यापायऱ्यांचे पातळ भिंग तयार करणाऱ्या या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कल्पनेशी नाते सांगणारे, प्रकाशाच्या विवर्तनावर चालणारे भिंग कॅननने २००१ मध्ये ४०० मिमी एफ/४ लेन्समध्ये आणि निकॉनने २०१५ मध्ये ३०० मिमी एफ/४ लेन्समध्ये बसवले. अशा भिंगाचा रंगदोष नेहमीच्या काचेच्या उलट दिशेचा असल्याने दोन्ही दोष परस्परांना खोडतात आणि कमी काचेत काम भागते. निकॉनच्या २०१८च्या ५०० मिमी एफ/५.६ आणि २०२३च्या ६०० मिमी एफ/६.३ या लेन्सचे वजन यामुळे दीड किलोच्या आतच राहिले. थेट प्रकाशझोत समोर असेल तर अशा लेन्समध्ये त्याभोवती वलये दिसू शकतात, पण दिवसभर गळ्यात वागवण्याच्या सोयीपुढे हा दोष बहुतेकांना क्षम्य वाटतो.

वजन न वाढवता पल्ला वाढवण्यासाठी टेलिकन्व्हर्टर नावाचे लहान जोडभिंग लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवले जाते. ते १.४ पटीचे असल्यास प्रकाश निम्मा होतो आणि दुपटीचे असल्यास चतुर्थांश उरतो. एफ/४च्या लेन्सला हा भुर्दंड सोसतो, एफ/६.३ची लेन्स १.४ पटीने एफ/९पर्यंत घसरते, जेथे जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचे स्वयंचलित फोकस हात टेकते आणि मिररलेस कॅमेरेही मंद प्रकाशात रेंगाळू लागतात.

जागा, वाहन आणि हवा

महाराष्ट्र आणि गोव्यातील अधिवास डोळ्यांसमोर आणले की कोणती लेन्स कोठे शोभते हे अधिक स्पष्ट होते. सफारीच्या जिप्सीत तिपाई उघडायला जागा नसते, तेव्हा धान्य भरलेली जाड कापडी पिशवी, म्हणजे बीन बॅग, हाच खरा आधार असतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला होडीतून रोहित पक्ष्यांचे थवे किंवा पट्टकादंब टिपताना आणि गोव्यात चोडण बेटावरील सलीम अली अभयारण्यात खारफुटीच्या चिंचोळ्या पाण्यातून जाताना हातात पेलणारी दोन किलोंपर्यंतची झूम लेन्स सोयीची ठरते. १५०-६०० किंवा २००-६०० मिमीच्या लेन्स लोकप्रिय आहेत त्या यामुळेच. रेहेकुरीच्या काळविटांसारख्या माळरानी प्राण्यांना आडोसा नसल्याने ते दुरूनच सावध होतात, म्हणून तेथे लांब पल्ला कामी येतो. सह्याद्रीच्या सदाहरित रानात याच्या उलट स्थिती असते : अंतर कमी, पण छताखाली अंधार दाट. आंबोलीसारख्या ठिकाणी बेडूक आणि फुलपाखरेही टिपायची असतील, तर लेन्स किती जवळून फोकस करू शकते हा आकडा पाहावा लागतो, कारण काही १००-४०० मिमी लेन्स एक मीटरवरून फोकस करतात, तर ६०० मिमी एफ/४ला चार मीटरहून अधिक अंतर लागते.

हवेचाही वाटा मोठा आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते, परंतु ऊन चढताच तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागते आणि दूरवरच्या वाघाचे पट्टे विरघळल्यासारखे दिसतात. हा दोष लेन्सचा नसल्याने लेन्स बदलून तो जात नाही, उलट पल्ला जितका लांब तितका तो ठळक होतो. त्यावर लवकर पोहोचणे आणि अंतर वाजवी असेल तेव्हाच बटण दाबणे, एवढाच उपाय आहे. उन्हाळ्यात जंगलरस्त्यांवरची लाल माती बाहेर सरकणाऱ्या झूम लेन्समध्ये शिरते, म्हणून आतल्या आत झूम होणाऱ्या लेन्सना थोडे अधिक पैसे मोजणे रास्त ठरते. आणि कोकणातल्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरू नये यासाठी सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा लेन्सबरोबरच विकत घ्यावा लागतो. मुंबई-पुण्यात महागड्या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. एका सफारीपुरती लेन्स भाड्याने आणून तिचे वजन आणि पल्ला जोखणे, हा खरेदीआधीचा सर्वांत स्वस्त अभ्यास होय.

या साऱ्यातून पुन्हा अंतराच्या गणिताकडेच यावे लागते. लहान खंड्याची ६.४ मिमी उंचीची प्रतिमा ४०० मिमीची लेन्स घेऊन दहा मीटरवरून मिळते आणि ६०० मिमीची घेऊन पंधरा मीटरवरून मिळते. दोन्ही छायाचित्रांत पक्षी सारखाच मोठा असतो. फरक असतो तो मधल्या पाच मीटरचा. विणीच्या हंगामात काठावरच्या बिळाशी ये-जा करणारा खंड्या चोचीतला मासा घेऊन पिलांकडे जाईल की बिचकून फांदीवरच थांबून राहील, हे पुष्कळदा तेवढ्या पाच मीटरवर ठरते. लांब लेन्सच्या वाढीव किमतीत पक्ष्याचा आकार विकत मिळतो असे समजणारा ग्राहक तिच्यासह आणखी पुढे सरकतो. त्या किमतीत पक्ष्याचे अंतर विकत घेतले आहे हे ज्याला उमगते, तो पंधरा मीटरवरच थांबतो.